आजीच्या नऊवारीला कात्री लावू का?

मावशी, नमस्कार.

मी इंदूरची, वय २९. आमची इथली ही चौथी पिढी. घरात मराठी, बाहेर हिंदी. दोन वर्षांपूर्वी आजी, म्हणजे बाबांची आई, गेली. तिची ट्रंक आमच्याकडेच होती. ती यंदा गणपतीच्या आवराआवरीत उघडली. आत वांगी रंगाची जरीकाठी रेशमी नऊवारी, दोन महेश्वरी, एक मोतिया चंदेरी आणि एक काळी सुती चंद्रकळा निघाली. नऊवारी बसायच्या जागी वीतभर विरली आहे, आरपार दिसतं. मी मोजलं, आतल्या टोकापासून साधारण तीन मीटरवर. चंदेरीला घडीवर चिरा पडल्यात. महेश्वरी दोन्ही धड आहेत, पण एकीचा रंग बाहेरच्या बाजूने उडालाय.

मार्गशीर्षात माझ्या भावाचं लग्न आहे. नऊवारीचा गाऊन आणि चंदेरीचा अनारकली शिवायचं माझ्या मनात होतं. एका बुटीकवालीने फोटो पाहून होकारही दिला. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आईच्या लुगड्याला कात्री लावलीस तर मी लग्नाला पाय ठेवणार नाही." आई म्हणते, तुझं तू बघ. चुलतबहीण म्हणते, ट्रंकेत कुजण्यापेक्षा कापलेलं बरं. महेश्वरी नेसावी तर त्यातली चांगली मी साखरपुड्यात नेसले होते. त्याच माणसांसमोर पुन्हा तीच? आजीवर माझा फार जीव होता. तिचं काहीतरी त्या दिवशी अंगावर असावं, एवढंच वाटतं. काय करू?

— एक नात, लोकमान्यनगर, इंदूर

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा साड्यांसाठी आणि एकदा आत्यासाठी. साड्यांबद्दल बोलायला मला दिवस पुरणार नाही, तरी आधी आत्याकडे येते. तो गुंता सुटल्याशिवाय शिंप्याकडे जाऊन उपयोग नाही.

ट्रंकेतल्या पाचही साड्या तू मोजून लिहिल्यास, कुठली कुठे विरली तेही लिहिलंस. त्यातली एखादी आत्याकडे गेली, असं मात्र कुठे दिसलं नाही. ज्या बाईच्या या साड्या, तिची ती लेक. ट्रंक लेकाच्या घरी राहिली म्हणून नातीच्या हाती आली. आजी गेली तेव्हा कोणी आत्याला विचारलंही असेल, पण तेराव्याच्या गडबडीत कुठली लेक तोंड उघडून म्हणते, की मला ती वांगी नऊवारी द्या? तिचं वाक्य तू जसंच्या तसं लिहिलंस हे बरं केलंस. त्यातला जोर मला कात्रीपेक्षा "माझ्या आईच्या" या शब्दांवर वाटतो.

येत्या रविवारी तिला सकाळी पोहे-जिलबीला घरी बोलव. पलंगावर स्वच्छ पांढरी चादर घाल, पाचही साड्या तिच्यासमोर उलगड आणि म्हण, "आत्या, यातलं तुला हवं ते आधी तू घे." हे मनापासून म्हणायचं, मनात काही राखून नाही. तिने नेमकी नऊवारीच उचलली तर ती तिची. तू आजीला म्हातारपणी पाहिलंस, तिने तरुणपणी पाहिलंय. ही साडी आजी कोणाच्या मुंजीत नेसली, हिची घडी कधी मोडली, कुठल्या मंगळागौरीला ती त्या जागी विरली, हे सांगणारं आता ते एकच माणूस उरलंय. ते सगळं विचार आणि वहीत लिहून ठेव. लग्नाच्या धावपळीत ते व्हायचं नाही.

आता कात्रीबद्दल. जुन्या लुगड्याला कात्री लावायची नाही, असं आपल्या घरांतून कधीच नव्हतं. लुगडं मधे विरलं की बायका विरलेला भाग कापून काढत आणि दोन धड तुकडे जोडून त्याला दंड घालत. दंड घातलेलं लुगडं नेसण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. ते आणखी विरलं की त्याचा धडपा होई, मग बाळाचं दुपटं, कुंची, झबलं, गोधडी, आणि अगदी शेवटी पोतेरं. काठ चांगले असले तर ते काढून लेकीच्या परकराला लागत. घरात ज्याचा उपयोग उरत नसे ते बोहारणीच्या गाठोड्यात जाई. माझ्या आईने दोन जरीच्या साड्या देऊन स्टीलचा एक डबा घेतलेला मला आठवतो. डबा अजून आहे, आणि तो दिसला की मला त्या साड्या आठवतात. आजही दारावर कोणी जुनी जर विचारत आलं तर नाही म्हण. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. घेणारा साडी जाळतो आणि चांदी तेवढी काढून घेतो.

आत्याला हे सगळं तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. ती तान्ही असताना तिच्या अंगाखाली तिच्या आईच्याच लुगड्याचं दुपटं असणार.

पण त्या बायका कात्री कुठे लावत, ते बघ. विरलेल्या जागी. धड कापडाला कधीच नाही. मी तुला तेच सांगेन: जे अजून नेसता येतं ते कापू नकोस, जे नेसता येत नाही त्याचंच दुसरं काही कर. हौसेखातर धड साडीचा गाऊन करायचा आणि तो एका रात्रीनंतर कपाटात टांगायचा, याला माझा साफ विरोध आहे. साडीला माप नसतं. ती आजीला आली, तुला येते, उद्या तुझ्या भावाच्या बायकोलाही येईल. गाऊनला माप असतं, तुझं, आणि तेही यंदाचं.

आणि कुठलं धड, कुठलं विरलेलं, हे फोटोवरून कळत नाही. बुटीकवालीने फोटो पाहून होकार दिला, ही तुझ्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट. जुनं कापड हातात घेतल्याशिवाय जी बाई त्याचा कपडा बेतते तिच्याकडे आजीची साडी देऊ नकोस. तपासायचं असं: ट्रंकेचा वास जाईपर्यंत दोन दिवस साडी सावलीत वाऱ्यावर टाक. मग दिवसाउजेडी खिडकीपाशी दोघींनी ती उभी धरा, एकीने वरचा काठ, एकीने खालचा, आणि हात-हात सरकवत न्या. जिथे उजेड अचानक जास्त येतो तिथे कच्च्या दोऱ्याचा एक टाका घालून खूण कर. खडू नको, पेन तर नकोच. मग हाताची पारख. दोन्ही चिमटींत, मधे दोन बोटांचं अंतर ठेवून, कापड धर आणि हलकेच ताण दे, एकदा उभ्या धाग्याने, एकदा आडव्या. धड रेशीम ताण घेतं आणि सोडलं की जागेवर येतं. संपलेलं रेशीम बारीक चरचरतं आणि त्याचे धागे फाकतात. ती चरचर ऐकू आली की तो भाग शिवणीला बाद. घडीच्या रेषा, पदराची सुरुवात, खालच्या काठालगतची चार बोटं जिथे जोडवी आणि चप्पल लागते, आणि नऊवारीत बसायची जागा, या ठिकाणी दोनदा बघ.

चंदेरीचा फटका मी स्वतः खाल्ला आहे, म्हणून तिथे जरा थांबते. माझ्या आईची एक चंदेरी होती, अगदी तुझ्या आजीच्यासारखी मोतिया. मी पस्तिशीत असताना तिचा कुर्ता शिवायला दिला. दुकान नावाजलेलं होतं, शिवणही सुबक होती. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाला तो घालून गेले. खुर्चीवर बसले आणि पाठीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. घरी येऊन पाहिलं तर टाके जागच्या जागी होते, एकही दोरा तुटलेला नव्हता. पण शिवणीच्या दोन्ही अंगांना उभे धागे सरकून बाजूला गोळा झाले होते आणि आडवे धागे फणीच्या दातांसारखे उघडे पडले होते. रफू करायला धरायचं तरी काय? मी तो कुर्ता मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. आई तेव्हा होती. ती काही बोलली नाही.

त्यामागचं कारण मला फार नंतर समजलं. चंदेरीत ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, रेशीम बहुधा उकळून काढलेलं नसतं. रेशमातला नैसर्गिक डिंक तसाच ठेवतात, म्हणून तर तिला तो काचेसारखा तजेला येतो. पण तोच धागा वर्षानुवर्षं एका घडीत राहिला की घडीवर मोडतो, आणि विणच इतकी झिरझिरीत की शिवणीला धरून ठेवायला दाटपणा नसतो. घडीवर चिरा पडलेल्या चंदेरीचा अनारकली म्हणजे पहिल्याच फेरात फाटायला निघालेला कपडा. त्या घेराचं सगळं ओझं कमरेच्या शिवणीवर येतं. तो विचार सोड.

तिची ओढणी कर. ओढणीला अंगावर ताण नसतो, शिवणी नसतात, बसताना-उठताना ती ओढली जात नाही. पदर बहुतेक चांगला असेल. पदर आणि त्याच्या लगतचा बिनचिरेचा भाग घे. सलग लांबी पुरत नसेल तर दोन टोकांना चंदेरी आणि मधे नवी मोतिया मलमल, असंही छान दिसतं. सगळ्या चंदेरीखाली मलमलीचं अस्तर हवंच. मलमल आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव, नाहीतर ती पहिल्या धुण्यात आटते आणि वरची चंदेरी चुरगळते. चंदेरी अस्तरावर पसरून आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बसवायची, मग कडा. शिंपी म्हणेल, चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावून देतो, पाच मिनिटांत काम होतं. नाही म्हणायचं. तो एकदा चिकटला की पुन्हा सोडवता येत नाही, आणि पुढे कापडच त्याच्याबरोबर कडक होतं. माझ्या त्या कुर्त्याचा पदर वाचला होता. त्याची मी अशीच ओढणी केली आणि ती आजही पांढऱ्या कुर्त्यावर घेते. मेंदीच्या दिवशी तूही घे.

महेश्वरीची मला काळजीच नाही. आपल्यापासून नव्वदेक किलोमीटरवर नर्मदेच्या काठी विणलेलं हे कापड. १८ व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी राजधानी महेश्वरला नेली, तिथे विणकर वसवले, आणि पुढे ही कला जवळजवळ विझायला आली तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीला रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढून माग पुन्हा चालते केले. ताणा रेशमाचा, बाणा म्हणजे आडवा धागा सुताचा, म्हणून अंगाला हलकी आणि वापरायला दणकट. आजीच्या साडीचा काठ नीट बघ. चटईची वीण, विटांची रांग, हिरा, असं काही त्यात असेल तर ती नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरही तुला दिसेल. पदराला पाच पट्टे असतील, तीन रंगीत आणि दोन पांढरे.

जिचा रंग बाहेरून उडालाय, तिच्यासाठी तुला एक पैसा खर्च करायला नको. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो, त्याला बुगडी म्हणतात. म्हणजे साडी उलटी नेसता येते. फॉल उसव. साडी लांबीच्या रेषेवर पालटी कर, जसं आपण चादर उलटवतो. आतली न उडालेली बाजू बाहेर आली, आणि त्याच वेळी आजवर टाचेशी झिजलेला खालचा काठ वर कमरेत खोचायला गेला, वरचा न वापरलेला काठ खाली आला. आता फॉल नव्या बाजूने लाव. माझ्याकडे अशी पालटलेली एक हिरवी महेश्वरी आहे. तिला नवी कधी घेतली म्हणून विचारणाऱ्या बायका मला भेटल्यात. फॉल नवा घ्यायचा तर तोही आधी भिजवून घे, आणि मशीनवर लावू देऊ नकोस. हाताच्या टाक्यांनी लावलेला फॉल पुढच्या वेळी साडी न दुखावता उसवता येतो.

आणि साखरपुड्यात नेसलेली दुसरी महेश्वरी? हो, पुन्हा तीच नेस. ज्या घरात दर कार्याला नवी साडी लागते त्या घरातल्या साड्या कधी ओळखीच्याच होत नाहीत. तुझी आजी तुला कुठल्या साडीत आठवते? एकदाच नेसलेल्या नक्कीच नाही. तुझ्या मनात बोलणारे लोक असतील तर एवढं लक्षात ठेव की लग्नात आपण बसलेले असतो, फोटो कमरेच्या वर येतात आणि समोरच्याला दिसतो तो गळा, बाही आणि पदर. ते तीन बदलले की साडी बदलली. साखरपुड्यात मॅचिंग ब्लाउज होता ना? मग आता खणाचा शिव, कोपरापर्यंत बाहीचा, खणाचा काठ बाहीच्या टोकाला येईल असा बेतून. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे एक खण आणण्याआधी शिंप्याला माप दाखवून दोन लागतील का ते विचार. आणि पदर आपल्या शेजारणी घेतात तसा सीधा घे, मागून उजव्या खांद्यावरून पुढे. महेश्वरीचे ते पाच पट्टे एरवी पाठीवर जातात, असे ते छातीवर उलगडतात. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलीला दोन्ही पदर यायला हवेत, असं मला खरंच वाटतं.

चंद्रकळेला हात लावू नकोस. लग्नात काळं कोणाला रुचणार नाही, आणि संक्रांत तिच्यासाठी आहेच. ओलं पांढरं फडकं आतल्या कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का तेवढं बघ, म्हणजे कशात धुवायची ते कळेल.

आता शिंपी. दिवाळीआधी जा, नंतर लग्नसराईत कोणालाच तुझ्या जुन्या कापडासाठी फुरसत नसेल. अस्तराची मलमल एम. टी. क्लॉथ मार्केटमधून किंवा सीतलामाता बाजारातून स्वतः आण. काहीही बेतण्याआधी मांजरपाटाचा एक कच्चा ब्लाउज शिवून घालून बघायचा. चूक व्हायची ती त्यात होऊ दे. बारीक सुई, लांब टाका, शिवणीत भरपूर माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेलं जादा कापड, टाचण्या शिवणीच्या मायेतच टोचायच्या, आणि सगळ्या कतरणी परत. हे त्याला नीट समजावून सांग. जो वैतागेल त्याच्याकडून उठून ये.

नऊवारी मी मुद्दाम शेवटी ठेवली. आत्याने ती स्वतःकडे नेली तर पुढचं वाचायची गरज नाही. तिने तुझ्यासाठी सोडली तर मात्र हे दोघींनी मिळून वाचा.

आधी एक नकार. शिवलेली नऊवारी म्हणून जी हल्ली मिळते, पायजम्यासारखी चढवायची, ती आजीच्या साडीची करू नकोस. त्यासाठी कापड पायांच्या आकारात कापावं लागतं. एकदा कापलं की ते ना साडी राहतं ना दुसऱ्या कोणाच्या मापाला येतं. आणि आहे तशी काष्टा घालून नेसशील तर विरलेली जागा नेमकी बसताना ताणली जाईल. मंडपात ती फाटेल, तुला आणि आत्याला दोघींनाही ते सोसवणार नाही.

तिला दंड घाला. हिशेब करू. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. विरलेला वीतभर भाग आणि त्याच्या दोन्ही अंगांची कच्ची बोटं मिळून अर्धा मीटर गेला असं धर. तू मोजलंस तसं ते आतल्या टोकापासून तीन मीटरवर असेल, तर आतला तुकडा तीन मीटरचा राहतो आणि पदराकडचा पावणेपाच मीटरचा. सहावारीला साडेपाच मीटर लागतात. म्हणजे आतल्या तुकड्यातून पाऊण मीटर आणि वर शिवणीची माया एवढंच घेऊन पदराकडच्या तुकड्याला जोडायचं. दंड खोचायच्या टोकापासून पाऊण मीटरवर येतो, नेसताना पहिल्या वळणात मागे जातो आणि वरच्या थराखाली झाकला जातो. कोणाला दिसणार नाही. जोडताना तुकडा फिरवायचा नाही. बुट्टीचं तोंड आणि रेशमाची छटा दोन्हीकडे एका दिशेला हवी, काठ काठाला तंतोतंत मिळायला हवा. कापलेल्या कडा आत दुमडून दुहेरी शिवण, म्हणजे धागे सुटणार नाहीत. काठाच्या जरीवर मशीन चालवायचं नाही, तेवढी दोन-तीन बोटं हाताने. साडी सहावारी झाली तरी पदर, काठ, रंग, सगळं आजीचंच राहील, आणि ती मुहूर्ताला तुझ्या अंगावर असेल.

लग्न झालं की वाफ जाईपर्यंत सावलीत वाळव, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, हँगरवर नको. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेव, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नकोस. तीन-चार महिन्यांनी घडी वेगळ्या जागी मोड. चंदेरीला कोणी हे केलं नाही म्हणून तिच्यावर चिरा पडल्या.

आतल्या तुकड्यातलं सव्वादोन मीटरला थोडं कमी असं कापड अजून उरतंच. आतलं टोक कायम खोचलेलं असतं, त्याला ना ऊन लागलं ना घासणं, त्यामुळे रंगाने ते साऱ्या साडीत ताजं निघण्याची शक्यता जास्त. तरी चिमटीची पारख तिथेही कर. टिकलं तर त्यात दोन ब्लाउज बसतात, पूर्ण अस्तरावर, बगलेत बोटभर सैल ठेवून. एक तुझा. दुसरा आत्याचा, तिच्या कुठल्याही साडीवर तिला घालता येईल असा. रविवारी बोलावशील तेव्हा तिला तिचा एक नीट बसणारा ब्लाउज मापाला आणायला सांग. आणि कात्री लावायची वेळ आली तर खुणेच्या त्या कच्च्या टाक्यापाशी कापड तिला धरू दे. तिने नको म्हटलं तर घडी घाल, साडी तिच्या हातात दे आणि लग्नात पालटलेली महेश्वरी नेस.